उन्हाळ्यातील नाताळ

‘नाताळ’ हा शब्द आपल्या भाषेत इतका मुरला आहे की तो परका आहे ह्याची आठवणही कोणास होत नाही. वस्तुतः तो पोर्तुगीज भाषेतून आला. त्या भाषेत ‘नाताल’ म्हणजे जन्मासंबंधीचा, आणि विशेषेकरून ख्रिस्तजन्माचा दिवस. गोवा, वसई, चौल ह्या भागांत पोर्तुगिजांचा अंमल होता; त्यांच्याबरोबर सण आला आणि सणाबरोबर शब्द आला. परंतु हाच शब्द आफ्रिका खंडाच्या नकाशावरही सापडतो. महात्मा गांधींचे चरित्र ज्या विद्यार्थ्यांनी वाचले असेल त्यांस दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांत ठाऊक असेलच. आज त्यास क्वाझुलू-नाताळ म्हणतात. १४९७ साली वास्को द गामा हिंदुस्थानचा जलमार्ग शोधीत आफ्रिकेला वळसा घालून त्या किनाऱ्याजवळून जात असता ख्रिस्तजन्माचा सण आला, म्हणून त्या किनाऱ्यास त्याने हे नाव दिले. पुढल्या मे महिन्यात तो कालिकतला पोहोचला.

ह्या गोष्टीतील मौज अशी की, त्या दिवशी जहाजावर थंडी नव्हती. होता तो भर उन्हाळा. त्या किनाऱ्यावर डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणजे ज्या प्रांताने आपल्या सणाचे नाव धारण केले तेथे बर्फाचा, शेकोटीचा किंवा लोकरी मोज्यांचा काही संबंध नाही. ब्राझील देशातही नाताल नावाचे शहर आहे. १५९९ सालच्या २५ डिसेंबर रोजी ते वसविले गेले, आणि तेही विषुववृत्तापासून अवघ्या सहा अंशांवर. तरीही आपण भेटकार्डावर नाताळचे चित्र काढावयास बसलो म्हणजे हात आपोआप हिमाच्छादित छपराकडे वळतो! दक्षिण गोलार्धातील लोकांनी ह्या विसंगतीचे काय केले, हे सांगण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कारण पाहू. पुष्कळ विद्यार्थी अशी समजूत करून घेतात की, पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली म्हणजे उन्हाळा व दूर गेली म्हणजे हिवाळा. असे असते तर साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी उन्हाळा झाला असता. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या प्रारंभी, जेव्हा लंडनमध्ये लोक थंडीने काकडत असतात. खरे कारण पृथ्वीच्या आसाचा सुमारे साडेतेवीस अंशांचा कल हे होय. डिसेंबरात दक्षिण गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो. २१ किंवा २२ डिसेंबरास सूर्य मकरवृत्तावर येतो आणि तेथील सर्वांत मोठा दिवस तोच. २५ डिसेंबरास लंडनमध्ये दुपारी चार वाजण्याच्या आतच सूर्य मावळतो. मुंबईत तो सहा वाजून काही मिनिटांनी मावळतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी त्या दिवशी सूर्यास्तास रात्रीचे पावणेनऊ होतात. ह्यांपैकी एक तास उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याच्या तेथील पद्धतीमुळे वाढतो हे खरे, पण तो वजा केला तरी दिवस पावणेपंधरा तासांच्या आसपास भरतो.

आता दिव्यांचा विचार करा. पहिल्या ख्रिस्ती मंडळीने २५ डिसेंबर हा दिवस का निवडला ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. शुभवर्तमानात तारीख नाही, महिना नाही, आणि हवामान तर मुळीच नाही. एवढेच लिहिले आहे की, मेंढपाळ रात्री रानात राहून आपले कळप राखीत होते. परंतु रोममध्ये चौथ्या शतकात हा दिवस पाळला जाऊ लागला, आणि युरोपात तो वर्षाच्या सर्वांत काळोख्या आठवड्यात पडला. पुढे जे जे संस्कार त्यास चिकटले, ते सारे त्या काळोखाला उत्तर म्हणून चिकटले. खिडकीत मेणबत्ती ठेवावयाची, कारण बाहेर चार वाजताच अंधार. घरात सदाहरित वृक्षाची फांदी आणावयाची, कारण इतर झाडांवर पान उरलेले नाही. जर्मन लोकांनी त्या वृक्षावर मेणबत्त्या लावल्या; १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सन नावाच्या एडिसनच्या सहकाऱ्याने त्यांच्या जागी ऐंशी विजेचे दिवे लावले. अंधारात प्रकाश आला, हा सणाचा अर्थ त्या देशांत डोळ्यांनीच दिसत असे. उपदेशकास तो समजावून सांगावा लागत नसे.

मग जेथे अंधारच नाही तेथे काय करावयाचे?

दक्षिणेकडे गेलेल्या पहिल्या मंडळींनी ह्याचा विचार केला नाही. त्यांनी जे बरोबर आणले तेच चालू ठेवले. डच नाविक आबेल तास्मान ह्याने १६४२ सालचा नाताळ न्यूझीलंडच्या पाण्यात घालविला आणि त्याच्या खलाशांस ताजे डुकराचे मांस मिळाले. १७६९ साली कॅप्टन कुक ह्याचे जहाज न्यूझीलंडच्या उत्तर टोकाशी होते. इंग्लंडात ह्या दिवशी हंस पक्ष्याचे पक्वान्न करीत. येथे हंस कोठून मिळणार? म्हणून समुद्रपक्षी मारून त्यांसच हंस मानण्यात आले, आणि जहाजावर मोठा आनंद झाला. नंतर आलेल्या वसाहतवाल्यांनी भर उन्हात भट्ट्या पेटवून मांस भाजले, तासन्‌तास पुडिंग उकळले, आणि घामाने निथळत ते खाल्ले. ह्यास कोणी हसतील. मला मात्र हसू येत नाही. घर सोडून बारा हजार मैलांवर गेलेल्या माणसास पत्र पोहोचावयास महिने लागत. त्याच्या हाती त्याच्या आईच्या घरची एवढी एकच वस्तू उरलेली होती, ती त्याने हवामानाच्या सोयीसाठी टाकून दिली नाही.

न्यूझीलंडमधील पहिली सार्वजनिक ख्रिस्ती उपासना ह्याच दिवशी, १८१४ सालच्या २५ डिसेंबरास झाली. बे ऑफ आयलंड्स येथील ओइही ह्या ठिकाणी सॅम्युएल मार्सडेन ह्यांनी देवदूताने मेंढपाळांस सांगितलेल्या आनंदाच्या वार्तेवर प्रवचन केले. ऐकणारे बहुतेक माओरी लोक होते. रुआतारा नावाच्या माओरी नायकाने सभेची जागा सिद्ध केली होती. जुन्या होडग्यांची आसने व व्यासपीठ त्याने बनविले होते, आणि प्रवचनानंतर त्याचा आशय आपल्या लोकांस त्यानेच त्यांच्या भाषेत सांगितला. तो उन्हाळ्यातील रविवार होता. दिव्याची कोणास गरज पडली नाही.

दिव्यांचा प्रश्न पुढे मेलबर्नमध्ये एका वेगळ्याच रीतीने सुटला. नॉर्मन बँक्स नावाचे एक आकाशवाणी निवेदक होते. १९३७ च्या नाताळच्या आदल्या रात्री काम आटोपून घरी परतत असता त्यांना एका खिडकीत एक वृद्धा दिसली. ती एकटी होती. तोंडावर मेणबत्तीचा उजेड होता. आणि आकाशवाणीवर चाललेल्या नाताळच्या गीतात ती आपला आवाज मिळवीत होती. बँक्स ह्यांच्या मनात आले की, शहरात अशी एकटी माणसे किती असतील! पुढल्याच वर्षी, १९३८ च्या नाताळच्या पूर्वरात्री, त्यांनी अलेक्झांड्रा उद्यानात उघड्या आकाशाखाली गायनाचा मेळावा बोलाविला. सुमारे दहा हजार लोक मेणबत्त्या घेऊन आले. त्या मेळाव्याची प्रथा साऱ्या ऑस्ट्रेलियात पसरली. मेलबर्नचा मेळावा आता सिडनी मायर ह्यांच्या नावाच्या खुल्या रंगमंचावर होतो, आणि त्याचे उत्पन्न अंध व अल्पदृष्टी मुलांच्या कामी लागते. ज्यांना ज्योत दिसत नाही त्यांच्यासाठी ज्योती पेटाव्यात, ही योजना मला फार अर्थपूर्ण वाटते.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, असा मेळावा लंडनमध्ये भरविता आला नसता. डिसेंबरच्या रात्री तेथे उघड्यावर गवतावर बसून कोण गाईल? उन्हाळ्याने मेणबत्ती निरुपयोगी केली असे प्रथम वाटते; पण त्याच उन्हाळ्याने माणसे घराबाहेर काढली. युरोपातला दिवा खिडकीच्या आत आहे, दक्षिणेकडला हिरवळीवर आहे.

घरांवरील रोषणाईचीही तीच कथा. मेलबर्नच्या आयव्हनहो भागातील ‘बुलेव्हार्ड’ नावाच्या रस्त्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापासून घरोघरी अंगणात व छपरांवर नाताळचे दिवे लावण्याची रीत आहे. प्रेक्षक दुरून येतात. मोटारींची इतकी दाटी होते की रस्त्यावर राहणाऱ्यांस आपल्याच घरी पोहोचणे कठीण पडते. ह्या शोभेस आरंभच मुळी नऊनंतर होतो. लहान मुले तोवर जागी कशी राहतात, असा प्रश्न पालकांस पडेल. त्याचे उत्तर सोपे आहे: ऑस्ट्रेलियातील शाळांचे वर्ष डिसेंबरातच संपते. नाताळ ही त्यांची मोठी सुट्टी; आपल्याकडील मे महिना म्हणा ना! परीक्षा झालेल्या, पुस्तके मिटलेली, आणि रात्री उशिरापर्यंत जागण्यास वडील माणसांची हरकत नाही. १९३३ पासून ॲडलेड शहरात निघणारी नाताळची मिरवणूक तर नोव्हेंबरातच, दिवसाढवळ्या निघते.

दिव्यांच्या संख्येची चढाओढही तेथे कमी नाही. २०१३ साली राजधानी कॅनबेरा येथील एका कुटुंबाने आपल्या घरावर ५,०२,१६५ दिवे लावून जागतिक विक्रम केला, आणि पाहावयास येणाऱ्यांकडून अर्भक गमावलेल्या आईबापांच्या साहाय्यार्थ निधी जमविला. हेतू चांगलाच. पण पाच लाख दिवे पाहून जे डोळे दिपतात, त्यांस एक पणती दिसेल काय, अशी शंका माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसास येते. अलीकडील दिवे पूर्वीच्या तारेच्या दिव्यांच्या मानाने अगदी थोडी वीज घेतात व फारसे तापत नाहीत, हे मात्र सांगितले पाहिजे.

तापण्याची गोष्ट तेथे क्षुल्लक नाही. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात डिसेंबरपासून रानवणव्यांचा काळ सुरू होतो. निलगिरीच्या झाडांत तेल असते, खाली वाळलेले गवत व पालापाचोळा असतो, आणि वाळवंटावरून तप्त वारा सुटतो. धोका वाढला म्हणजे सरकार संपूर्ण अग्निबंदी जाहीर करते व त्या दिवशी उघड्यावर ज्योत पेटविण्यास मनाई असते. म्हणून मेळाव्यांतील खऱ्या मेणबत्त्या जाऊन ठिकठिकाणी विजेरीवर चालणाऱ्या आल्या. २००१ चा नाताळ न्यू साउथ वेल्स प्रांतात ‘काळा नाताळ’ म्हणून ओळखला जातो, कारण सणाच्या दिवशीच वणव्यांनी सिडनीभोवतालचा मुलूख वेढला. २०१९ च्या २० डिसेंबरास ॲडलेडजवळच्या डोंगरात कडली क्रीक येथे लागलेला वणवा लोबेथाल गावापर्यंत आला. हे गाव जर्मन वसाहतवाल्यांनी वसविलेले, आणि नाताळच्या रोषणाईसाठीच प्रसिद्ध! त्या वणव्यात ऐंशींहून अधिक घरे जळाली. आणि उत्तर किनाऱ्यावरील डार्विन शहराने जे भोगले ते वणव्याने नव्हे, वादळाने. १९७४ च्या नाताळच्या पूर्वरात्री व पहाटे ‘ट्रेसी’ नावाच्या चक्रीवादळाने त्या शहराची बहुतेक घरे भुईसपाट केली. ६६ माणसे मृत्युमुखी पडली, आणि पंचवीस हजारांहून अधिक लोकांस विमानांनी अन्यत्र हलवावे लागले. उन्हाळा म्हणजे केवळ समुद्रस्नान व आंबे नव्हेत, हे त्या देशातील वडील पिढीस कोणी सांगावे लागत नाही. अशा वर्षी स्वयंसेवक अग्निशामक सणाचे ताट सोडून उठतो, आणि त्याच्या घरची मंडळी दिवे लावून त्याची वाट पाहत बसतात.

आता जरा झाडांकडे वळू. देवदार वा फर वृक्ष तेथे सहजासहजी मिळत नाही. कॅलिफोर्नियाहून आणून लावलेला एक जातीचा पाइन तोडून लोक घरी नेतात. परंतु त्या भूमीने आपले वृक्षही पुढे केले. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर पोहुतुकावा नावाचा वृक्ष आहे. डिसेंबर आला की तो तांबड्या तुऱ्यांनी असा बहरतो की समुद्राचे कडे पेटल्यासारखे दिसतात. वसाहतवाल्यांनी त्याच्या फांद्यांनी चर्चे सजविली व त्यास नाताळवृक्ष म्हटले. सिडनीच्या बाजूस एक झुडूप आहे. त्याची फुले पांढरी व अगदी लहान, पण फुले गळाल्यावर त्यांची निदले वाढून नाताळच्या सुमारास लाल होतात, आणि लोक त्यांसच फुले समजून घरात ठेवतात.

सर्वांत विलक्षण वृक्ष पश्चिम ऑस्ट्रेलियातील. त्याचे शास्त्रीय नाव नुइट्सिया. डिसेंबरात तो सोनेरी-केशरी फुलांनी झाकला जातो. आपल्याकडे आंब्यावर जे बांडगूळ वाढते, त्याच कुळातला हा वृक्ष. तो दुसऱ्याच्या फांदीवर न वाढता जमिनीतून उभा राहतो, पण त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांस कापून त्यांतील पाणी शोषतात. जमिनीत पुरलेल्या विजेच्या व दूरध्वनीच्या तारांवरही त्याने हा प्रयोग केलेला आहे. इंग्रज घरांत नाताळच्या वेळी टांगण्यात येणारी मिसलटो वनस्पतीही बांडगुळाचाच प्रकार. तेव्हा नातेवाईक सणाला आला असेच म्हणावयाचे! परंतु तेथील मूळ रहिवासी नूंगार लोक ह्या वृक्षास फार पूर्वीपासून पवित्र मानतात. मृतांचे आत्मे पुढील प्रवासास निघण्यापूर्वी त्याच्या फांद्यांवर विसावतात अशी त्यांची श्रद्धा आहे, म्हणून त्याची फुले ते तोडीत नाहीत. ज्यास नवागतांनी नाताळवृक्ष म्हटले, त्यास आधीपासून नाव होते व अर्थही होता.

जेवणाविषयी थोडक्यात सांगतो. उकळते पुडिंग अजून पुष्कळ घरांत होते, पण त्याच्या शेजारी थंड मांस, कोळंबी, चेरी व आंबे आले आहेत. आंबा तेथे नाताळचे फळ आहे, हे ऐकून आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडास पाणी सुटेल. सिडनीच्या मासळीबाजारात सणाच्या आधी रात्रीसुद्धा विक्री चालते. आणि ज्यांस थंडीतल्या नाताळची हौस फिटत नाही, ते जुलै महिन्यात ब्लू माउंटन्स ह्या डोंगरावर जाऊन शेकोटीपुढे दुसरा नाताळ करतात. त्यात उपासना नसते. भाजलेले मांस, पुडिंग आणि थंडी एवढेच असते.

गीतांतही बदल झाला. जॉन व्हीलर ह्यांनी शब्द लिहून व विल्यम जेम्स ह्यांनी चाली बांधून १९४८ साली ऑस्ट्रेलियन नाताळगीतांचा पहिला संच प्रसिद्ध केला. त्यांत हिम नाही. मेंढपाळांच्या जागी माळरानावरून गुरे हाकणारे गुराखी आहेत, आणि ब्रोल्गा पक्षी नाचत आहेत. ब्रोल्गा म्हणजे आपल्या गोंदियाकडील सारस पक्ष्याचा जवळचा भाईबंद; त्याचेही नृत्य प्रसिद्ध आहे. आपल्याकडे असे कार्य त्याआधीच रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी केले होते. ख्रिस्ती उपासनेला त्यांनी अभंगाची व कीर्तनाची वाट दाखविली, आणि ती आपल्या मंडळीस परकी वाटली नाही. पण चित्रांच्या व सजावटीच्या बाबतीत आपण तितके पुढे गेलो नाही. नाताळ जवळ आला की आपण गव्हाणीच्या देखाव्यावर कापूस पसरतो, आणि तो कापूस वऱ्हाडातला असतो! दारावरील चांदणीच्या कंदिलाची गोष्ट निराळी. कागदाचा तो तारा दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ आहे. आपल्या कोरड्या, निरभ्र डिसेंबरात तो जितका शोभतो, तितका धुक्यात शोभला नसता.

विद्यार्थिमित्रांनो, ही अडचण काही एकट्या नाताळची नाही. मेलबर्न व सिडनी येथे आज पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. त्यांची संक्रांत जानेवारीच्या मध्यास येते. तीळ व गूळ उष्ण, म्हणून आपण ते थंडीत खातो. काळे वस्त्र ऊन धरून ठेवते, म्हणून ते त्या दिवशी नेसतो. तेथे त्याच दिवशी पारा चाळीस अंशांवर जाऊ शकतो. उत्तरायण लागले म्हणजे आपल्याकडे दिवस मोठा होऊ लागतो. तेथे तो लहान होऊ लागतो. तरीही त्या घरांतील आया तीळ भाजतात, वड्या थापतात आणि मुलांच्या हातांवर ठेवतात. खाऊन झाल्यावर मुले पोहावयास जातात.